सतरा ऐंशी वाजले: हवा मोजायच्या यंत्राचा चार वर्षांचा अनुभव

आधीच सांगतो, मी विज्ञानाचा मास्तर नव्हे. बेळगावात फ्रीज-एसी दुरुस्त करायचा धंदा, तीस वर्षं झाली. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कॅम्प इकडच्या किती भिंतींना स्प्लिटचा पाइप काढायला भोकं पाडलीत, त्याचा हिशेब माझ्याकडं नाही. हवेचं जे काय दोन पैशाचं ज्ञान आहे ते शिडीवर उभं राहून मिळालेलं. त्याच जोरावर हे लिहितोय.

यंत्र म्हणजे खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती झालाय ते आकड्यात दाखवणारा मीटर. पानाच्या डब्याएवढा, पांढरा, चार्जिंगचा. ऑगस्ट २०२१ मध्ये सहा हजार चारशेला घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आत तोच सेन्सर घालून, वरचं डबडं तेवढं बदलून हा माल पाच-सहा नावांनी विकला जातो. स्क्रीनवर इंग्रजी, माहितीपत्रक चिनी. मराठी नाही आणि कन्नडही नाही, तेवढा एक वाद तरी वाचला.

घेतला धाकट्या भावासाठी. त्याची किडनी बदललेली आहे. अंगानं ती नवी किडनी झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कोरोनाची लस घ्या, खरं तुमच्या अंगात तिचा जोर इतरांएवढा धरायचा नाही; गर्दीत जाऊ नका. आता गर्दीत जाऊ नका हे सांगायला काय लागतं? आमच्यात बारशाला साठ माणूस जमतं. बाराव्यालाही जमतं. आणि अर्धी सोयरीक सीमेपलीकडं, चंदगड, आजरा, गडहिंग्लजला. २०२१ साली महाराष्ट्रातनं येणाऱ्याला बहात्तर तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट लागायचा. तो नाही म्हणून कोगनोळीच्या नाक्यावरनं आमचे कोल्हापूरचे व्याही गाडी वळवून परत गेले होते. त्या साली बहिणीनं मला राखी शिनोळीच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला उभी राहून बांधली. वर म्हणाली, "तोंड गोड कर," आणि पेढा मास्कला चिकटला.

तर भावाला चार भिंतींत कोंडून किती दिवस ठेवायचं हा प्रश्न होता. कोरोनाच्या सुरुवातीच्या वर्षात सगळ्यांचं लक्ष हातांवर. दारात सॅनिटायझर, कपाळाला तापमानाची बंदूक, जमिनीवर चुन्याचे गोल. मग मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं एक पत्रक काढलं. तोंडातनं उडणारे मोठे थेंब दोन मीटरपर्यंत जातात, खरं बारीक तुषार हवेवर तरंगत दहा मीटरपर्यंत पोचू शकतात; दारं-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, नुसता एसी लावून कोंडून बसू नका. ते वाचलं आणि मी बायकोला म्हटलं, अगं, हे तर आपल्या धंद्यातलं निघालं!

कारण माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं की स्प्लिट एसीचा बाहेरचा डबा बाहेरची ताजी हवा ओढून आत सोडतो. सोडत नाही हो. भिंतीतनं जातो तो गॅसचा पाइप आणि वायर. आतलं युनिट आतलीच हवा घेतं, गार करतं, परत तुमच्याच तोंडावर मारतं. खोलीत दहा माणसं असली तर दहा जणांचा श्वास गार करून दहा जणांना वाटतं.

मीटर विषाणू मोजत नाही, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करून घ्या. तो श्वास मोजतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ४२०. माणसानं सोडलेल्या श्वासात चाळीस हजार. खोलीतला आकडा २,४२० झाला म्हणजे बाहेरच्यापेक्षा दोन हजार जास्त, म्हणजे तुम्ही घेताय त्या दर वीस श्वासांतला एक आधी कुणाच्या तरी छातीतनं फिरून आलेला आहे. कुणाच्या, ते यंत्र सांगत नाही. मी साधा हिशेब ठेवलाय: ८००च्या आत असेल तर भाऊ बसेल, हजारावर गेला की खिडकी, दीड हजारावर गेला की भाऊ बाहेर. हा माझा नियम, सरकारचा नव्हे.

आता खरेदीतली ठोकर. हे माझं दुसरं यंत्र. पहिलं एकोणीसशे रुपयांना मागवलं होतं, दिसायला ह्याच्यापेक्षा देखणं, रंगीत पट्ट्यांचं. घरात रिकामी खोली, दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आकडा ४५०. म्हटलं वा. तेवढ्यात हाताला सॅनिटायझर चोळला आणि हात जवळ नेला, तर पठ्ठ्या तीन हजारांच्या पुढं. बायकोनं देवापुढं उदबत्ती लावली, परत वर. स्वयंपाकघरात फोडणी पडली, परत वर. असल्या स्वस्त यंत्रात कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतोच. वासाच्या, स्पिरिटच्या वाफा ओळखणारा सेन्सर असतो आणि त्यावरनं अंदाजे आकडा ठोकून देतात. लग्नाच्या दारात सॅनिटायझर, अंगावर अत्तर, आत धूप. तिथं ह्यानं सकाळी नऊलाच शिमगा केला असता. विकणाऱ्यानं परत घेतलं, एवढा त्याचा उपकार.

घेताना डब्यावर एनडीआयआर (NDIR), म्हणजे इन्फ्रारेडनं मोजणारा सेन्सर, असं लिहिलंय का ते बघा. आत बारीक नळीत इन्फ्रारेडचा दिवा असतो. कार्बन डायऑक्साइड त्यातला ४.२६ मायक्रॉनचा प्रकाश गिळतो. पलीकडं किती पोचला त्यावरनं हिशेब निघतो. वासाचा त्याच्याशी संबंध नाही. मी सॅनिटायझरची अख्खी बाटली शेजारी उघडी ठेवून बघितली, हलला नाही.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळं नळीत वायूही विरळ, आणि यंत्र खऱ्यापेक्षा सात-आठ टक्के कमी दाखवतं. सेटिंगमध्ये उंची घालायची सोय असते, ती शून्यावर असते. ती ७५० करा. मला हे कळायला दोन महिने लागले.

खरी परीक्षा झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, भाचीच्या लग्नात. मी नवरीचा मामा. ओमायक्रॉनची लाट उतरणीला लागलेली, खरं यादी करायला बसलो तेव्हा जानेवारीत उघड्यावर २०० आणि बंद हॉलमध्ये १०० असा सरकारी आकडा होता. त्या यादीवरनं जी भांडणं झाली ती इथं नकोत. नियम ढिला झाल्यावर वगळलेले सगळे परत आलेच. भाऊ म्हणाला, "भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय मी घरात बसणार नाही, मग काय व्हायचं ते होऊ दे." त्याच्यापुढं काय बोलणार.

कार्यालय शहराच्या कडेचं, नाव नको. चाळीस बाय साठचा एसी हॉल, मागच्या भिंतीला चार मोठे एक्झॉस्ट, आणि जेवणाचा हॉल तळघरात. तळघर बघितल्यावर माझ्या पोटात गोळा आला. खिडकी म्हणून नाही.

मीटर खिशात ठेवून उपयोग नाही, आपलाच श्वास मोजतो. तोंडापासून दोन हात लांब, बसल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, दार आणि पंखा टाळून ठेवायचा. अशी जागा हॉलमध्ये एकच सापडली, रुखवताचं टेबल. साखरेचं तुळशी वृंदावन आणि चिवड्याच्या बरणीच्या मधे मी तो उभा केला. मुहूर्ताला अर्धा तास उरलेला, हॉल भरलेला, मास्क हनुवटीला. मी नवरीच्या खोलीपाशी उभा, तर नवऱ्याकडचा एक पोरगा आला. "मामा, रुखवतातलं तुमचं घड्याळ बिघडलंय बगा. सतरा ऐंशी दाखवूलंय."

मला आधी कळेना. मग धावलो. १,७८०.

मॅनेजरला गाठलं. म्हटलं, मागचे चार एक्झॉस्ट लावा. तो म्हणाला, "सुम्म बसा की वो मामा. एक्झॉस्ट लावला की थंडाई जातीया, मग पाहुणे आमच्या नावानं बोंब मारतात." त्याचंही खोटं नव्हतं. फेब्रुवारीतली दुपार, आत दोनशे माणूस. मी वाद न घालता यंत्र उचलून त्याच्या हातात दिलं, म्हटलं, हे घेऊन दारात उभा राहा. दारात आकडा उतरत गेला, सातशेवर आला. आत नेलं, परत चढला. तीन वेळा आत-बाहेर केल्यावर गड्यानं स्वतःच बटणं दाबली. मी समोरची दोन्ही दारं खुर्च्या लावून उघडी केली, कारण एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो खरा, पण आत यायला वाट नसली तर तो नुसता भणभणतो. पंधरा मिनिटांत १,१५०. एसी दोन डिग्री खाली केले, कुणाचीही बोंब आली नाही. वर मॅनेजर जेवणाच्या वेळी विचारत होता, हे कितीला मिळतं.

चार वर्षांत ह्या यंत्राचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. "खिडकी उघडा" म्हटलं की लोक म्हणतात, हा भितरा आहे, ह्याला सगळ्यात रोग दिसतो. आकडा दाखवला की त्यांचा हात आपणहून कडीकडं जातो. आमच्या थोरल्या आत्ती, ज्यांना मास्क लाव म्हटलेलं शिवीसारखं लागायचं, त्या आता घरात शिरल्या शिरल्या विचारतात, "किती झालंय?"

होमाच्या वेळी मात्र फजिती झाली. आकडा एकदम २,९००. मी परत धावलो. भटजी हसून म्हणाले, "अहो, समिधा जळताहेत." बरोबरच. जळणाऱ्या कशाचाही कार्बन डायऑक्साइड होतो. त्यात कुणाचा श्वास नसतो. होम, समई, गॅसची शेगडी, आचाऱ्याची भट्टी ह्यांच्याजवळ मीटरवर विश्वास ठेवू नये. स्वयंपाकघरात तर ठेवूच नये.

तळघराचं काय केलं ते सांगतो. सकाळीच रिकाम्या तळघरात बघितलं होतं, ५६०. पहिली पंगत अर्धी झाली तेव्हा २,१००. आणि जेवताना मास्क काढायलाच लागतो, शिवाय माणसं जेवताना जेवढी मोठ्यानं बोलतात तेवढी भांडतानाही बोलत नसतील. म्हातारी माणसं, भाऊ, आणि दोन गरोदर सुना ह्यांची पंगत आम्ही पार्किंगच्या पत्र्याखाली घातली. स्कूटर सरकवल्या, सतरंज्या टाकल्या. वाढपी कुरकुरले, मसालेभात खालनं वर आणायचा, मठ्ठ्याची घागर जिन्यात हिंदकळली. आकडा ४९०. तिथं बसलेल्यांनी जिलेब्या इतरांपेक्षा दुप्पट खाल्ल्या असं आचारी अजून सांगतो. आमच्या आजीकडनं ऐकलं होतं की प्लेगच्या साली लोक गावं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. त्या रोगाचं कारण वेगळं, उंदीर आणि पिसवा. खरं पत्र्याखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना बघून तेच आठवलं.

आता ज्याला यश म्हणता येणार नाही ते. लग्नानंतर आठवड्याभरात तिघं पॉझिटिव्ह निघाले. भाऊ नव्हता. तिघांतल्या दोघी नवरीच्या खोलीत होत्या: दहा बाय दहा, एसी, दार लावलेलं, मेकअपवाली धरून सात बायका, तीन तास. तिथं मी मीटर नेलाच नव्हता. नवरीच्या खोलीत मामानं यंत्र घेऊन कसं शिरायचं, म्हणून संकोच केला. तिथनंच लागलं असं छातीठोक सांगता येणार नाही, आणि भाऊ यंत्रामुळं वाचला असंही नाही. तो पूर्ण वेळ एन-९५ लावून पूर्वेच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सकाळी निघताना अडीचशे रुपयांचं ते घरी करायचं टेस्ट किट वापरून बघितलं होतं. ह्यातलं कशानं काय झालं, देव जाणे.

कारण मीटरला मास्क दिसत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी चांगले मास्क लावले तरी आकडा तोच राहणार, धोका मात्र उतरणार. हेपा फिल्टरचं यंत्र लावलं तर हवेतले तुषार गाळले जातात, कार्बन डायऑक्साइड तसाच. उलट उघड्या मैदानात ४३० दाखवत असेल आणि आजारी माणूस तुमच्या कानाशी लागून दहा मिनिटं गप्पा मारत असेल, तर त्या ४३०ला काही अर्थ नाही. वरातीत करवल्यांनी डोक्याला डोकं लावून सेल्फी काढताना मीटर खुशाल हिरवा होता.

होमाचा धूर सोडला तर सगळ्यात वाईट आकडा मला लग्नात नाही, भजनात मिळाला. आमच्या गल्लीत दर एकादशीला भजन असतं, चौदा बाय बाराची खोली, बारा जण, पेटी, मृदंग, टाळ. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दार लावायचं, खिडकी अर्धी. वीस मिनिटांत २,४२०. गाताना माणूस नुसतं बसल्यापेक्षा कितीतरी जास्त श्वास आणि तुषार सोडतो. भाचीनं मला अमेरिकेतली गोष्ट वाचून दाखवली होती: वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातल्या गाणाऱ्यांचा एक ताफा १० मार्च २०२० ला अडीच तास सरावाला बसला. एकसष्ट माणसं. एकाला बरं नव्हतं. त्रेपन्न आजारी पडली, दोन गेली. ही गोष्ट मी भजनात सांगितली तेव्हा बुवा म्हणाले, ते इंग्रजी गाणं, आपलं नाम आहे. मी मीटर मृदंगाशेजारी ठेवला आणि गप्प बसलो. पुढच्या एकादशीला भजन देवळाच्या ओवरीत. ६१०. मृदंगवाल्याची तक्रार एवढीच की गारठ्यानं शाई उतरते.

आता किरकोळ. बॅटरी नवी होती तेव्हा दहा तास, आता जेमतेम चार. लग्नात पॉवर बँक लागते. चालू केल्यावर पाच मिनिटं आकडा खरा धरू नका. हजारावर गेला की पीं पीं करतो. तो आवाज बंद करायला विसरलो आणि सप्तपदीत सहाव्या पावलाला वाजला. बहीण अजून त्यावरनं ऐकवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यंत्र आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा असं धरून आपणच आपल्याला जुळवून घेतं. मी एकदा दीड महिना दुकानाच्या मागच्या कोंदट खोलीत चालू ठेवला, मग गच्चीवर नेला तर ३१०! एवढी शुद्ध हवा आता पृथ्वीवर कुठंच नाही. तेव्हापासनं दर रविवारी गच्चीवर वीस मिनिटं, सावलीत.

घ्यावा का? घरात भावासारखं कुणी असेल, केमो चालू असेल, फार म्हातारं माणूस असेल, आणि तरी त्यांना माणसांत न्यायचं असेल, तर घ्या. कार्यालयवाल्यांनी, शाळांनी आणि दारं लावून भजन करणाऱ्यांनी तर घ्यावाच. नुसतं कुतूहल म्हणून सहा हजार घालवू नका. तेवढ्यात एक बऱ्यापैकी एक्झॉस्ट बसतो आणि माझी मजुरीही निघते.

पाचपैकी चार. एक कापला तो बॅटरीचा आणि सप्तपदीचा.

सध्या मीटर माझ्याकडं नाही. त्याच भाचीला मुलगी झाली, बारसं चंदगडला सासरी आहे, परवा जाऊबाईंच्या हातनं मागून नेला. बरोबर चार्जर दिलाय, उंचीचं सेटिंग करून दिलंय आणि आवाज बंद करून दिलाय. फोन आला होता, पाळण्याच्या खोलीत १,३००, काय करू? म्हटलं, पाळणा सोप्यात घे.